सामाईक खात्यातील आकारी पड
इंदापूर तालुक्यातील बावडा गावच्या शिवारात प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा एक सामाईक गट असून त्याच्या सातबाऱ्यावर आजही ‘आकारी पड’ अशी नोंद आहे. शेतसारा, किंवा साऱ्याप्रमाणेच वसूल होणारी तगाई, म्हणजे विहीर-बैलांसाठी सरकारने दिलेले कर्ज, थकले आणि लिलावात कोणी बोली लावली नाही, तर सरकार नाममात्र एक रुपयाच्या बोलीने ती जमीन स्वतःकडे घेत असे. तीच आकारी पड. भावकीच्या रानावर बोली लावून जन्माचे वैर कोण ओढवून घेणार, हे त्या रुपयामागचे कारण मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 220 नुसार 12 वर्षांच्या आत व्याजासह थकबाकी भरणाऱ्यास जमीन परत मिळे; पुढे ती वाट बंद होई. जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या ठरावीक टक्के रक्कम घेऊन अशा जमिनी मूळ खातेदारांना वा त्यांच्या वारसांना परत देण्याचे ठरविले आणि दोन पिढ्या निजलेला वाद जागा झाला. थोरल्या चुलतभावाने सगळी रक्कम एकट्याने भरण्याची तयारी दाखविली, पण फेरफाराला, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीला, आपलेच नाव लागावे अशी अट घातली. त्यावर धाकट्या आत्याने ‘नाव लागू दे, माझा वाटा उसाच्या बिलातनं देते,’ एवढेच उत्तर दिले.

कायदा आत्याच्या बाजूचा होता. साऱ्याची जबाबदारी सहधारकांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही असते; शिवाय भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 90 नुसार सहमालकाने त्या नात्याच्या जोरावर इतरांच्या हक्काला बाध आणून मिळविलेला लाभ त्याला सर्वांसाठी धारण करावा लागतो, मात्र इतरांनी खर्चाचा आपापला वाटा द्यावयाचा असतो. या कलमाखालील एका उदाहरणात कुटुंबातील एकजण सरकारला नजराणा भरून इनामदार म्हणून स्वतःचे नाव लावून घेतो, तरी गाव सर्वांचेच राहते. मसुदा लिहिणारा बावड्याच्या चावडीवर बसून गेला असावा, अशी शंका येते.

अखेर रक्कम चुलतभावाने भरावी, वाटे दोन हंगामांत फेडावेत आणि नावे सर्व वारसांची लागावीत, असे मुद्रांकावर लिहून झाले. अर्जाला जोडावयाच्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात आत्यांची नावे भावांच्या बरोबरीने आली असून मुंबईच्या चुलतबहिणीची सही तेवढी बाकी आहे.