हत्ती रिसाला

जालन्याला कधी यावे असे कोणी विचारले, तर मी फाल्गुनाचे नाव घेतो. वास्तविक हा काही प्रवासाला सोयीचा काळ नव्हे. ऊन तापू लागलेले असते, कुंडलिकेच्या पात्रात पाणी नावापुरते उरलेले असते आणि वाऱ्याबरोबर गावभर धूळ फिरत असते. तरीही आपण फाल्गुनातच यावे, आणि तेही होळीच्या दुसऱ्या दिवशी. वर्षाचे उरलेले दिवस हे गाव आपल्या कामात बुडालेले असते. बियाणे, पोलाद, मोसंबी, मोंढ्यातली आवक आणि आजचा भाव, यांपलीकडे इथे सहसा बोलणे जात नाही. ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी म्हण इथला व्यापारी आजही अभिमानाने ऐकवतो. धुळवडीच्या दिवशी मात्र दुकानांच्या पाट्यांवर प्लास्टिकचे कागद बांधले जातात, फळ्या लागतात आणि रस्त्यावर राजा येतो.

या मिरवणुकीला ‘हत्ती रिसाला’ म्हणतात. तिला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. राजाचा वेश केलेला एक नागरिक हत्तीवर बसतो आणि दुतर्फा जमलेल्या लोकांवर रेवड्या उधळत जातो. प्रजाजन गुलालाने आणि रंगाने इतके माखलेले असतात की त्यांतला कोण कोणाचा, हे घरच्यांनाही चटकन सांगता येऊ नये.

आपण भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून ‘रिसाला’ या शब्दापाशी थोडे थांबतो. मराठीत रिसाला म्हणजे घोडेस्वारांची तुकडी. त्यावरूनच रिसालदार हा हुद्दा आला. उर्दूत मात्र हाच शब्द नियतकालिकासाठी आणि छोट्या ग्रंथासाठीही चालतो, कारण मूळ अरबी शब्दाचा अर्थ निरोप किंवा पत्र असा आहे. जालन्याने यांतला लष्करी अर्थ उचलला, यात नवल नाही. आसफजाहाच्या आज्ञेने इथे १७२५ मध्ये किल्ला बांधला गेला. मराठे आणि इंग्रज यांच्यात १८०३ मध्ये झालेल्या लढाईचे असई हे गाव आज याच जिल्ह्यात आहे. पुढे १८२७ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इथे छावणी होती. टापांची आणि बिगुलांची सवय झालेल्या गावाने आपल्या खेळातल्या मिरवणुकीलाही फौजेचेच नाव दिले. निरोप किंवा पत्र हा दुसरा अर्थ मला पुष्कळ उशिरा समजला. तो तेव्हाच समजला असता तर, असे कधी कधी मनात येते.

वेषांतराचे उत्सव जगात इतरत्रही आहेत. व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये मुखवट्याआड उमराव आणि सामान्य माणूस एकाच गल्लीतून हिंडत. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक कोसळले, तसा तो उत्सवही मावळला आणि १९७९ च्या सुमारास पुन्हा उभा राहिला. पणजीचा कार्निव्हल मी स्वतः पाहिला आहे. तिथे किंग मोमो नावाचा राजा येतो आणि खा, प्या, मजा करा असे फर्मान काढतो. मोमोला पाहताना मला सारखा आमचा राजा आठवत होता. दोघांचे राज्य औट घटकेचे. मात्र मोमोनंतर ख्रिस्ती पंचांगातला उपवासाचा काळ सुरू होतो आणि आमच्या राजानंतर पंधरवड्यात पाडवा येतो. पुढे संयम असो की नवे वर्ष, त्याआधी एक दिवस जग उलटे करून पाहावे, ही गरज सगळीकडची दिसते.

जग उलटे होते म्हणजे काय, हे मी माझ्या वडिलांमुळे जाणतो.

माझे वडील मोंढ्यात हमाल होते. त्या काळी क्विंटलाची पोती असत. कमरेला आकडा, डोक्यावर गोणपाटाची खोळ आणि पाठीवर ज्वारी नाही तर तूर. बरोबरीचे हमाल सोडले तर त्यांना नावाने हाक मारणारे मोंढ्यात फारसे कोणी नव्हते. ‘ए, सरक’, ‘ए, हो बाजूला’ एवढ्यावर काम भागत असे. धुळवडीला मात्र ते चोपदार होत. कोणी सांगितले म्हणून नव्हे. त्यांचे ते त्यांनीच ठरवलेले होते. भाड्याने आणलेला लाल अंगरखा, डोईला फेटा, ओठावर डिंकाने चिकटवलेल्या मिशा आणि चंदेरी कागद गुंडाळलेली काठी, अशा थाटात ते हत्तीच्या बरेच पुढे चालत आणि ललकारी देत. वर्षभर ज्याला बाजूला हो म्हणून ऐकावे लागे, तो माणूस त्या दिवशी शेटजींना, वकिलांना, डॉक्टरांना बाजूला व्हायला सांगे आणि ते हसत हसत बाजूला होत. त्यांचा आवाज मोठा होता. पोती मोजताना तो वाया जात असे, असे मला आता वाटते.

लहानपणी मी त्यांच्या अंगरख्याचे टोक धरून चाललो आहे. त्या वेळी मला तो अंगरखा खराच वाटे.

१९८४ साली मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. जालना जिल्हा होऊन तीन वर्षे झाली होती आणि नव्या कचेऱ्यांबरोबर बाहेरगावचे अधिकारीही आले होते. त्यांची मुले माझ्या वर्गात होती. महाविद्यालयाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘नोकरी’ असे लिहिले होते. ते अगदीच खोटे होते असे म्हणता येणार नाही, पण ते कशासाठी लिहिले हे मला ठाऊक होते. मित्रांनी रिसाला पाहिलेला नव्हता. मीच त्यांना घेऊन गेलो. आम्ही चौघे एका उंच जोत्याच्या घराच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. वडील या वर्षी जाणार नाहीत अशी माझी समजूत होती. महिनाभर त्यांची कंबर धरली होती.

हलगी जवळ आली आणि तिच्यामागे ती ललकारी.

त्यांनी मला लांबूनच पाहिले असावे. आमच्या पायऱ्यांसमोर ते थांबले, काठी काखेत धरली आणि कमरेत वाकून आम्हा चौघांना तीन वेळा मुजरा केला. ‘निगा रखो! सरकारस्वारी आली आहे!’ सगळे हसले. चोपदार राजाला सोडून कॉलेजच्या पोरांना मुजरा करतो, ही त्यातली गंमत होती. माझा एक मित्र हसत हसत म्हणाला, ‘काय सॉलिड माणूस आहे! ओळखतोस का रे?’

मी म्हणालो, ‘नाही.’

आपल्याला सांगतो, तेव्हा हलगीचा आवाज होता, लोकांचा गलका होता. त्यांना ऐकू गेले नसेल, असे मी स्वतःला अनेक वर्षे समजावत आलो आहे. पण आमच्यात अंतर जेमतेम चार हातांचे होते. ते सरळ झाले, मिशी नीट केली आणि पुढे गेले. मागून हत्ती आला, राजा आला, रेवड्या अंगावर पडल्या. मित्रांनी त्या वेचल्या. मी वेचल्या नाहीत.

संध्याकाळी वडील नळावर बसून बराच वेळ रंग काढत होते. आईने घासलेटचा बोळा दिला, तरी मिशीचा डिंक निघेना. नंतर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवली आणि म्हणाले, ‘घे. तुझ्या दोस्तायला बी दे.’ पुडीत रेवड्या होत्या. त्यावर आमच्यात पुढे कधीही बोलणे झाले नाही. त्यानंतरच्या धुळवडीला अंगरखा आला नाही. कंबर दुखते, असे ते आईला म्हणाले, आणि ती खरोखर दुखत होती. म्हणूनच मला आजही काही सांगता येत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांचे काम सुटले आणि माझे शिक्षण. मी औरंगाबादला एका कारखान्यात लागलो. अडतिसाव्या वर्षी, आपण आज जसे शिकता आहात तसेच, कामावरून परतल्यावर पुस्तके उघडून मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले. प्रवेशाच्या वेळी माझी सगळी माहिती मी एका कागदावर लिहून काढली होती. वडिलांच्या नावापुढे ‘हमाल’ लिहिले तेव्हा ते जाऊन सहा वर्षे झाली होती. कागदावर लिहिणे सोपे असते.

गेल्या फाल्गुनात मी धुळवडीला जालन्यात होतो. इतक्या वर्षांत त्या दिवशी मी तिकडे फिरकलो नव्हतो. पहाटेच्या गाडीने उतरलो. गल्ल्यांच्या तोंडांशी होळीची राख अजून कोमट होती आणि पोरे ती एकमेकांना फासत होती. दहा वाजेपर्यंत चेहरे संपले. चंदेरी रंग फासलेली पोरे, प्लास्टिकचे वाघ, लाल-हिरव्या केसांचे टोप, बायकोचे लुगडे नेसून डोक्यावर घागर घेतलेला एक दाढीवाला गृहस्थ. काळ्या चष्म्यांचे प्रमाण वाढले आहे. सोंगे पूर्वी अधिक निगुतीने सजत, असे मी म्हणणार होतो; पण माझ्या वयाचा प्रत्येक जण असे म्हणतो, म्हणून ते सोडून देतो. बायका मात्र पूर्वीसारख्याच बहुधा गच्च्यांवर होत्या. हा उलट्या जगाचा दिवस त्यांच्यापर्यंत अजून पुरता उतरलेला नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच खटकले. लहानपणी आईही रिसाला वरूनच पाहत असे, आणि तिला खाली का येता येत नाही, हे मी कधी विचारले नव्हते.

ते उंच जोत्याचे घर आता नाही. तिथे मोबाइलचे दुकान आहे. त्याच्या बंद शटरला पाठ लावून मी उभा राहिलो. शेजारी साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. रेवड्या झेलण्यासाठी त्यांनी छत्री उलटी धरली होती. मला ही युक्ती फार आवडली.

‘पाव्हणे, कुठले तुम्ही?’ त्यांनी विचारले.

संभाजीनगरचा, हे उत्तर तोंडात तयार होते. कित्येक वर्षे तेच देत आलो होतो.

‘इथलाच,’ मी म्हणालो. ‘वडील मोंढ्यात हमाल होते. रिसाल्यात चोपदार व्हायचे.’

ते माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्यावर तोवर कोणीतरी गुलाल फासला होता. त्यातून त्यांना काय दिसले असेल, कोण जाणे. तेवढ्यात गर्दी मागे रेटली गेली, हलगी वळणावर आली आणि लोकांच्या डोक्यांवरून राजाचा तुरा दिसू लागला. त्यांनी छत्री सावरली आणि कानाला हात लावून ओरडून विचारले, ‘नाव काय म्हणालात?’

मी वडिलांचे नाव सांगितले. हलगीत त्यांना ऐकू आले नसावे. मी पुन्हा, अधिक मोठ्याने सांगितले.