अहवालातील कर्ता

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण बखरीपासून निघतो आणि ललित निबंधापाशी थांबतो. ज्या गद्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी सर्वांत निकटचा संबंध असतो ते मात्र ‘व्यावहारिक मराठी’ या मथळ्याखाली, अर्जलेखन आणि इतिवृत्त यांच्या शेजारी, काही गुणांपुरते उरते. गेले काही महिने मी अशाच गद्याच्या सहवासात होते. मी राहते त्या तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेचे मागील चार वर्षांचे वार्षिक प्रशासन अहवाल मी क्रमाने वाचून काढले. त्यामागचे कारण वाङ्मयीन नव्हते. आमच्या आळीत पाणी तिसऱ्या दिवशी येते आणि अहवालात पाणीपुरवठा दरवर्षी सुरळीत असतो. या दोन विधानांच्या मधल्या जागेत नेमके काय आहे, ते मला पाहायचे होते.

पहिल्या वाचनातच एक गोष्ट जाणवली. कार्यवाही करण्यात आली, निधी खर्ची टाकण्यात आला, गाळ काढण्यात आला, उपाययोजना प्रस्तावित आहेत. पानामागून पाने वाक्यांची ही एकच घडण. क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता मात्र कोठेही नाही. ‘-ण्यात येणे’ ही रचना मराठी प्रशासनाने इतकी आपलीशी केली आहे की तिच्यातील रिकामी जागा आता डोळ्यांना खुपतही नाही. या रचनेला सरसकट दोष देणे अर्थातच अन्यायाचे होईल. नियमाची भाषा व्यक्तिनिरपेक्ष असलीच पाहिजे. अधिकारी बदलतात, कार्यालय राहते. परंतु नियम सांगणारे वाक्य आणि काम सांगणारे वाक्य यांत भेद आहे. ‘थकबाकीवर शास्ती आकारण्यात येईल’ या वाक्याला व्यक्तीची गरज नाही. ‘जलवाहिनीची दुरुस्ती करण्यात आली’ या वाक्याला मात्र आहे, कारण ती वाहिनी पुढच्या पंधरवड्यात पुन्हा फुटली तर आपल्याला कोणाकडे तरी जायचे असते.

तृतीय वर्षाच्या वर्गात मी या अहवालाचे एक पान वाटले आणि त्यातील वाक्यांचे कर्तरी प्रयोगात रूपांतर करायला सांगितले. व्याकरणाचा सोपा स्वाध्याय, असे प्रथमदर्शनी वाटावे. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “मॅडम, कर्ता कुठून आणायचा?” कोणी ‘नगरपरिषदेने’ लिहिले, कोणी ‘ठेकेदाराने’, कोणी ‘शासनाने’. एकाच वाक्याला तीन कर्ते मिळाले आणि तिन्ही उत्तरे व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. नगरपरिषदेच्या कारभाराचे इतके नेमके वर्णन मला स्वतःला करता आले नसते.

कर्ता लपवण्याचा दुसरा मार्ग आकड्यांचा आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये नागरी सेवांसाठी मापदंड निश्चित केले. त्यानुसार पाणी दरडोई, दररोज १३५ लिटर आणि चोवीस तास मिळायला हवे. मापदंड असणे चांगलेच. त्यामुळे निदान तुलना करता येते. पण ‘दरडोई’ हा शब्द जरा थांबून वाचावा असा आहे. सोडलेले एकूण पाणी भागिले लोकसंख्या, एवढाच त्याचा अर्थ. टाकीजवळच्या बंगल्याची डोई आणि चढावरच्या वस्तीतील शेवटच्या नळाची डोई त्यात एकच होऊन जाते. फुटलेल्या वाहिनीतून गटारात गेलेले पाणीही हिशेबात कोणाच्या तरी वाट्याला येऊन बसते. आमच्या शेजारच्या काकू पाणी आले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वेळ लिहून ठेवतात: किती वाजता आले, किती वाजता गेले, पहिली दहा मिनिटे गढूळ. त्यांना मापदंड ठाऊक नाहीत. कामावर कोणत्या दिवशी उशिरा जावे लागेल याचा त्यांना अंदाज हवा असतो, एवढेच. तरीही सेवेचा आढावा म्हणून मी त्या दिनदर्शिकेला अहवालापेक्षा अधिक प्रमाण मानते. तिच्यात सरासरी नाही, तारीख आहे.

कर्ता परत आणण्याचा एक प्रयत्न कायद्याने केलेला आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरते आणि एक पदनिर्देशित अधिकारी ठरतो. त्याच्यावर प्रथम आणि द्वितीय अपिलाची सोय आहे. पुरेशा कारणाविना सेवा नाकारली किंवा तिला विलंब केला तर ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. जन्माचा दाखला किंवा नळजोडणी कोणी द्यायची, याचे उत्तर आता कागदावर सापडते. अडचण त्यानंतर सुरू होते. हा कायदा अर्जाला उत्तर देणारा आहे. जोडणीसाठी अर्ज असतो; जोडलेल्या नळाला रोज पाणी यावे यासाठी कोणी रोज अर्ज करत नाही. नळाला कर्ता मिळाला, पाण्याला मिळाला नाही.

ही जागा खरे तर सभागृहाने भरायची असते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नागरी स्वराज्य संस्थांसाठी नमूद केले. पाणीपुरवठा त्यांपैकी एक. सर्वसाधारण सभेच्या जुन्या इतिवृत्तांत प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे सापडतात. भाषा रुक्षच, पण तेथे माणसे आहेत. मराठीच्या अभ्यासकाला या संदर्भात जोतीराव फुले आठवणे अपरिहार्य आहे. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मोठी मंडई बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. मंडई झालीच आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. विरोध निष्फळ ठरला असेल. पण तो कोणाचा होता हे आज जवळजवळ दीडशे वर्षांनीही सांगता येते.

मी वाचलेल्या चार वर्षांच्या अहवालांमागे असे सभागृहच नव्हते. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या निवडणुका लांबत गेल्या आणि अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात आमच्या गावी मुख्याधिकारीच प्रशासक होते. प्रस्ताव त्यांच्याकडून जाई आणि मंजुरीही त्यांचीच. त्या काळातील ठरावांखाली सूचक नाही, अनुमोदक नाही, आणि विरोध नोंदवणारे तर कोणीच नाही. कर्त्याविना चालणारे वाक्य तोवर शैलीचा भाग होते; या चार वर्षांत ती वस्तुस्थिती झाली.

आता सभागृह आले आहे. निवडून आलेल्या सदस्यांकडून लगेच चोवीस तास पाण्याची अपेक्षा मी करत नाही. जुन्या वाहिन्या आणि थकलेली पाणीपट्टी यांचे प्रश्न एका वर्षात सुटणारे नाहीत. माझी मागणी मराठीच्या शिक्षिकेची आहे आणि तिला निधी लागत नाही. पुढच्या अहवालात पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात प्रत्येक प्रभागासाठी तीन गोष्टी लिहाव्यात: वर्षात किती दिवस पाणी आले, न आलेल्या दिवसांचे कारण काय, आणि ते दूर करण्याची जबाबदारी कोणत्या पदावरील व्यक्तीची होती. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ अधिकाऱ्यांची कर्तव्ये आणि निर्णयाची प्रक्रिया स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगतेच. तेव्हा ही मागणी नवीही नाही. विद्यार्थ्यांनी तयार केलेला त्या तीन रकान्यांचा नमुना मी अर्जासोबत नगरपरिषदेच्या आवक विभागात दिला आहे. पोच मिळाली आहे, आणि तिच्यावर स्वीकारणाऱ्या लिपिकाची स्पष्ट, वाचता येणारी सही आहे.