तारीख वेगळी, मुदत वेगळी

कोर्टाची पायरी चढू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत. पण समन्स घरी आले की ती चढावीच लागते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून आपले कित्येक बांधव स्वतःच उभे राहतात. तो हक्क कायद्यानेच दिला आहे. मात्र वकील असो वा नसो, मुदत सर्वांना एकच.

आमच्या वस्तीतील एका बांधवांना घरजागेच्या वादाचे समन्स आले. ते त्यांनी २४ दिवस पेटीत ठेवले. "तारखेला जाऊन साहेबांना सांगू," असा त्यांचा विचार. मी कारकून माणूस; कागदावरची आवक तारीख आधी पाहतो. म्हटले, "दादा, तारीख वेगळी आणि मुदत वेगळी. तारीख कोर्ट देते, ती पुढे जाते. मुदत कायदा देतो, ती सरताना पुकारा होत नाही."

साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. कोर्ट कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते; पण ती मागावी लागते. गप्प बसलो तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. दोन रात्री बसून आम्ही कैफियत लिहिली आणि २८ व्या दिवशी ती दाखल झाली.

निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची. नकलेसाठी लगेच अर्ज करावा. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस मुदतीत धरत नाहीत. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी कागद देता येतो. अपिलाला उशीर झाल्यास सबळ कारण देऊन विलंबमाफी मागता येते, मूळ दाव्याला ती सोय नाही. धडगावकडच्या बांधवांनी तर शेवटच्या दिवसावर विसंबूच नये; पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की वाट बंद.

महाडच्या चवदार तळ्यावर डिसेंबर १९२७ मध्ये मनाई हुकूम आला, तेव्हा बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. रस्त्यावरची चळवळ त्यांनी कोर्टातही तितक्याच नेटाने चालवली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ३१ जुलैला ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले. आपले नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खानदेशात होते. कोर्टाचा कागद हाही लढ्याचाच भाग, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

आणखी एक. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीची मान्यता आहे. जातीचा दाखला जवळ ठेवावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. पण त्या अर्जाने मुदत थांबते असे समजू नये.

तेव्हा बंधू-भगिनींनो, समन्स आले की ते मिळाल्याची तारीख त्यावर लिहा. शेवटचा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने मांडा. कागद दिल्यावर शिक्क्याची पोच मागून घ्या. घरातल्या शिकत्या मुलामुलींना हे काम द्या.

जय भीम!