चिरका आवाज

गाणे म्हणजे गोड गळा, अशी आपली समजूत असते. ज्याचा गळा गोड नाही त्याने फार तर न्हाणीघरात गावे! माझेही मत हेच होते. पण मध्यंतरी एका मैत्रिणीने मोबाईलवर एका अमेरिकन बँडची गाणी ऐकवली आणि माझे मत डळमळले.

बँडचे नाव व्हायोलंट फेम्स. त्यांचा पहिला अल्बम १९८३ सालचा, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. मला मात्र तो अगदी कोरा करकरीत! पहिल्यांदा ऐकताना हसूच आले. गाणारा पोरगा धड गात नाही, धड बोलत नाही. आवाज नाकातून येतो, मध्येच चिरकतो, रडकुंडीला येतो. पण दहावे, शेवटचे गाणे संपले आणि मी पुन्हा पहिले लावले.

मग मी माहिती शोधू लागले. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातले हे तिघे. गॉर्डन गॅनो गाणी लिहायचा, गायचा अन् गिटार वाजवायचा. ब्रायन रिचीकडे बास गिटार आणि व्हिक्टर डिलोरेन्झोकडे ड्रम. हा डिलोरेन्झो मोठा गमतीचा माणूस. ड्रमचा सगळा सरंजाम न मांडता तो मोजकीच वाद्ये घेऊन उभ्याने वाजवी, आणि त्यांतले एक म्हणजे ड्रमवर पालथी घातलेली पत्र्याची टोपली! ‘गॉन डॅडी गॉन’ या गाण्यात तर मध्येच काष्ठतरंगासारखे वाद्य वाजू लागते.

ऑगस्ट १९८१ मध्ये हे तिघे मिलवॉकीच्या ओरिएंटल थिएटरबाहेर रस्त्यावर वाजवत होते. आत ‘प्रिटेंडर्स’ या नावाजलेल्या बँडचा कार्यक्रम व्हायचा होता. त्या मंडळींनी यांना ऐकले आणि आपल्याआधी थोडा वेळ वाजवायला आत बोलावले. पुढे जुलै १९८२ मध्ये अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. त्यासाठी डिलोरेन्झोच्या वडिलांनी १०,००० डॉलर उसने दिले. गॅनो तेव्हा १९ वर्षांचा होता. बरीच गाणी तर त्याने शाळेत असतानाच लिहिली होती.

एकोणीस! माझेच वय. ‘किस ऑफ’ या गाण्यात तो आकडे मोजत सुटतो, प्रत्येक आकड्याला एक कारण देतो आणि मध्येच एकाचे कारण त्याला आठवत नाही. रागावलेल्या माणसाचे असेच होते की! या वयातली चिडचिड, कुणी आपल्याला विचारत नाही ही रुखरुख त्याने सजवली नाही. जशी होती तशी पुढे ठेवली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या बोलण्यात ‘पानी’ येते, ‘लोनी’ येते. एकदा वर्गात उतारा वाचताना हशा पिकला. तेव्हापासून तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्द मी मनात धुऊन घेते, आणि धुता धुता सांगायचे तेच वाहून जाते. गॅनोने आपला आवाज असा धुतला असता, तर त्या गाण्यांत काय उरले असते?

हा अल्बम लगेच गाजला नाही. १९९१ मध्ये त्याला दहा लाख प्रतींचे प्लॅटिनम मानांकन मिळाले, तोवर ‘बिलबोर्ड’च्या २०० अल्बमच्या यादीत त्याचे नाव एकदाही आले नव्हते. मला वाटते, एकाने दुसऱ्याला ऐकवावा, असाच तो पसरला असेल. माझ्यापर्यंत तरी तो तसाच आला.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी नाव दिले आहे. ‘ण’ शिकायला माझी ना नाही. जमेल तिथे म्हणेनच. पण जीभ अडली म्हणून थांबणार नाही. वडील ऐकायला येणार आहेत, आणि ते तर ‘पानी’च म्हणतात.