अलिबाग, श्रीवर्धन आणि बॅगेत एक डीव्हीडी रायटर

अलिबागच्या वीकेण्डची बॅग कशी भरायची हे आता कुणाला शिकवायला नको. शॉर्ट्स, सनस्क्रीन, पॉवरबँक, ब्लूटूथ स्पीकर आणि उगाचच एक जाडं पुस्तक. या यादीत मी एका वस्तूची भर टाकणार आहे. डीव्हीडी रायटर. हो, तोच. यूएसबीची वायर लावून चालणारा, जेमतेम पाव-अर्धा किलोचा आणि ‘हे अजून मिळतं?’ असं मित्र विचारतील असा.

मिळतं. आणि ज्यांचं आजोळ, आत्याचं घर किंवा नवी-नवी सासुरवाडी मांडवा ते हरिहरेश्वर या पट्ट्यात कुठेही आहे, त्यांनी तर घ्यावाच. या किनाऱ्यावरच्या घरांत १९९९-२००० पर्यंतचे फोटो अल्बममध्ये आहेत. २०१२-१३ नंतरचे फोनमध्ये आहेत. मधली दहा-बारा वर्षं मात्र चकत्यांवर आहेत. लग्नाच्या तीन-तीन व्हीसीडी, मुंजीची डीव्हीडी, डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड भरलं म्हणून सायबर कॅफेत राइट करून आणलेली ‘गणपती २००५’. आणि ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. त्याआधीची वाडी कशी दिसायची, हे दाखवणारं हलतं-बोलतं चित्र आज कुठे असेल, तर या चकत्यांवर. आपल्या लॅपटॉपला त्यासाठी फटच उरलेली नाही!

तर प्रवास. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडा (२०२० च्या मार्चपासून गाडीसकट जाता येतं), तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई, मग काशीद, मुरूड. पुढे आगरदांड्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने दिघीला उतरायचं आणि दिवेआगर, शेखाडीमार्गे समुद्राला चिकटून श्रीवर्धन. शेखाडीच्या आसपासचा रस्ता महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी आहे. गाडी चालवणाऱ्याने खिडकीबाहेर बघू नये, एवढंच.

अलिबागला किनाऱ्यापासून जवळच चुंबकीय वेधशाळा आहे. बहुतेक जण कुलाबा किल्ल्याकडे जाण्याच्या नादात तिच्याकडे बघतही नाहीत. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हललं. २ सप्टेंबर १८५९ ला पृथ्वीवर एक प्रचंड सौरवादळ धडकलं होतं. त्या दिवशी कुलाब्याला कुणीतरी डोळ्यांनी काटा वाचून कागदावर आकडे लिहिले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची ताकद काढली. कागद आणि शाई, १४४ वर्षं! आणि आपल्या मावशीच्या लग्नाची २००४ ची सीडी ‘नो डिस्क’ म्हणते.

ती तसं का म्हणते, हे कळलं की कुठला रायटर घ्यायचा हेही निम्मं कळतं. राइट केलेल्या सीडीत लेसर एका पातळ रंगाच्या थरावर खुणा करतो. त्यावर चांदीसारखा चमकता थर आणि त्यावर नुसतं लॅकर. म्हणजे आपण ज्या बाजूला बॉलपेनने ‘मुंज, कॉपी २’ लिहितो तीच बाजू नाजूक. दमट, खारी हवा आणि लॅकरवरचा एखादा ओरखडा एवढ्यावर चमकता थर खराब व्हायला लागतो. डीव्हीडीत माहिती दोन प्लॅस्टिकच्या मध्ये सँडविचसारखी असते, त्यामुळे ती थोडी सुरक्षित, पण कडेने ओल शिरली तर थर सुटतात. बुरशी हाही विनोद नाही. २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलिझ या दमट देशातून सीडी खाणाऱ्या बुरशीची बातमी आली होती. कोकणातल्या माळ्यावर चार महिने पाऊस ऐकत पडलेल्या सीडीला बेलिझला जायची गरज नाही.

तेव्हाचा मालही स्वस्ताईचा होता. ज्याच्या घरी सीडी रायटर तो अख्ख्या बिल्डिंगचा लाडका, असे दिवस मागे पडले आणि रिकाम्या चकत्या पन्नासच्या डब्यात मिळू लागल्या. लॅमिंग्टन रोडवर (म्हणजे भडकमकर मार्गावर, पण तसं म्हणतं कोण?) बिननावाच्या चकत्यांचे ढीग असायचे. नोएडाची मोझर बेअर २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायची. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. दुकान हळूहळू बंद होतंय, म्हणून घाई.

आता खरेदी. चांगल्या नावाचा स्लिम, एक्सटर्नल डीव्हीडी रायटर साधारण दीड ते अडीच हजारांत येतो. एका शनिवार रात्रीच्या बिलापेक्षा कमी. सहा-सातशेतले बिननावाचे मिळतात, पण माझं मत विचाराल तर इथे कंजुषी नको. कोऱ्या चकतीवर कुणीही लिहील. वीस वर्षांची, चरे पडलेली चकती वाचायची म्हणजे लेन्स आणि मोटर दोन्ही बऱ्या हव्यात. ब्लू-रे रायटर कितीतरी पट महाग असतो आणि आपल्या कामाला तो लागत नाही. आकड्यांना भुलू नका. स्लिम ड्राइव्हवर डीव्हीडीसाठी ८एक्स आणि सीडीसाठी २४एक्स लिहिलेलं असतं, ते पुरतं. डीव्हीडी प्लस आर की मायनस आर हे भांडणही संपलं. आजचे रायटर दोन्ही घेतात. एक गोष्ट मात्र खोक्यावर शोधाच: एम-डिस्क सपोर्ट. या डिस्कमध्ये रंगाऐवजी दगडासारखा टणक थर असतो. कंपनीचा हजार वर्षांचा दावा आपण तपासायला उरणार नाही, पण दमट हवेत साध्या डिस्कपेक्षा ती नक्कीच बरी. तिच्यावर लिहायला तसा रायटर लागतो, वाचायला साधाही चालतो.

वायरकडेही बघा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर कन्व्हर्टर आधीच घ्या. श्रीवर्धनच्या बाजारात रविवारी दुपारी तो शोधत बसू नका. ड्राइव्ह सरळ लॅपटॉपमध्ये लावा, चार तोंडांच्या स्वस्त हबमध्ये नको. वीज पुरत नाही आणि मग ड्राइव्ह नुसताच टक-टक करत बसतो.

आणि हो, खरेदीआधी आजोळी एक फोन. ओटीवर कव्हर घातलेला जुना डेस्कटॉप असेल तर त्यातच रायटर असू शकतो. ते जुने, जाडजूड ड्राइव्ह खराब चकत्या बरेचदा जास्त चिकाटीने वाचतात. सुरू होत नसेल तर ड्राइव्ह काढून सॅटा-टू-यूएसबी अडॅप्टरवर लावता येतो. फक्त अडॅप्टरला बारा व्होल्टचा स्वतंत्र प्लग हवा.

वाटेत कोर्लईला थांबाल तर किल्ला आणि दीपस्तंभ बघालच. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच भाषा बोलतात. बोलणारे जेमतेम हजारभर. अशा गावात एखाद्या लग्नाची चकती गेली तर बायकांची गाणी, आजीचे टोमणे, सगळं त्या भाषेतलं गेलं. दिवेआगरला १९९७ मध्ये पोफळीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि २०१२ च्या मार्चमध्ये तो चोरीला गेला. मधल्या पंधरा वर्षांत दर्शनाला गेलेल्या किती घरांतल्या चकत्यांवर त्याचे फोटो असतील!

श्रीवर्धनला ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी पाहुणचार आटपल्यावर लोखंडी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आत अकरा चकत्या, काही नुसत्याच एकमेकींवर. ‘बघ हो जमतंय का. नाहीतर माडाला टांगणारच होते, वटवाघळं येत नाहीत म्हणतात.’ सुती कापडाने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसल्या. गोल-गोल पुसायचं नाही, चरा वर्तुळात पडला तर माहितीचा सलग तुकडा जातो. अकरातल्या सात पहिल्या फटक्यात उघडल्या. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये मोठ्या डॅट फाइल्स असतात, डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’. त्या सरळ कॉपी करायच्या. व्हीएलसी प्लेअर दोन्ही दाखवतो. दोन चकत्या अर्ध्यात अडकल्या. त्या डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामवर रात्रभर लावल्या, तो वाचता येईल तेवढं आधी उचलतो आणि अवघड जागी पुन्हा-पुन्हा परत येतो. सकाळी एक पूर्ण मिळाली, दुसरीची शेवटची दहा मिनिटं गेली. दोन कायमच्या मुक्या.

थोरल्या मुलीचं लग्न, डिसेंबर २००४, मांडव घरामागच्या वाडीतच. सनईवर कुणीतरी सिनेमाचं गाणं चिकटवलेलं, हारातून बदाम उगवणारे इफेक्ट, सगळं यथासांग. काका खुर्ची पुढे ओढून बसले. नवरदेव आला, गेला. काका बोट स्क्रीनवर ठेवून मागच्या पोफळी मोजत होते. ‘ही आजोबांच्या वेळची. ही पण. थांब, जरा मागे घे.’ निसर्गनंतर त्यांनी पुन्हा लावणी केली आहे. पण पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात आणि ते आता पंच्याहत्तरीत आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी खाणाऱ्यांना माहीत असते. ती ज्या सावलीत वाढायची ती सावली मी तरी त्या पडद्यावरच पाहिली.

फाइल्स हार्डडिस्कवर आल्याच, क्लाउडवरही जातील. तरी परत चकतीवर का लिहायच्या? एकदा लिहिलेली चकती कुणाच्या बोटाने चुकून डिलीट होत नाही, व्हायरसला पुसता येत नाही, आणि काकांकडचा डीव्हीडी प्लेअर टीव्हीखाली अजून चालू आहे. त्यांना पासवर्ड नको असतो. व्हिडिओ_टीएस फोल्डर राइट करताना डिस्क डीव्हीडी-व्हिडिओ प्रकाराने करा. नुसते फोटो असतील तर विंडोज विचारतं तेव्हा ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’ निवडा. स्पीड सर्वांत जास्त नको, ४एक्स बास. झाल्यावर व्हेरिफाय करा. नाव आतल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने. स्टिकर अजिबात नाही. पूर्वी राइट होताना कुणी माऊसला हात लावला तरी घरात ओरडा व्हायचा. आता तेवढी भीती नाही, चहा घेऊन या.

दोन सेट केले. एक उभ्या कव्हरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, काकूंच्या त्याच बिस्किटांच्या डब्यात. दुसरा ठाण्याला, त्या थोरल्या मुलीकडे. दोन मुक्या चकत्या वाडीत माडाला टांगल्या आहेत. वटवाघळांचं काय ते दिवाळीला कळेल.