ऐनाचा पाला, तुतीचा पाला

दिवाळी सरून भात झोडून झालं, की आमच्या घरातले सगळे हात टहाळाच्या कामाला लागत. तेव्हाच्या वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या मागच्या अंगाला केळदकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. आत्याचं सासर भोरच्या हिरडस मावळात. रीत दोन्हीकडे एकच. उताराच्या वरकस जमिनीतल्या ऐन-किंजळांवर बाप्ये चढत, कमरेच्या आकडीतला कोयता काढून पानांसकट डहाळ्या, म्हणजे टहाळ, उतरवत. बायका भारे बांधत आणि आम्ही चुलत भावंडं डोक्यावर चुंबळ ठेवून झेपेल तेवढा भारा खाचराकडे नेत असू. तो पाला वाळत पडायचा. उन्हाळ्यात दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायची वेळ आली की खाली शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत, सर्वांत वर बारीक केलेली माती, आणि मग वाऱ्याच्या उलट अंगानं विस्तव. पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत आंबेमोहराचं बी पडायचं.

राखेचं खत होतं म्हणून हा राब भाजायचा, असं आम्ही धरून चाललो होतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह राबावर केलेला अभ्यास 1912 मध्ये छापला गेला. राखेइतकंच, किंबहुना जास्त, काम मातीला बसलेली धग करते, असं त्यांना आढळलं. आमच्या आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण वारा जोरात असताना ते राब पेटवू देत नसत. भसकन जळून गेलेला राब त्यांना चालत नसे. विस्तव मातीखाली धुमसत पुढे सरकला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे.

झाडांचा कायदा मात्र आजीचा. शेंड्याला कोयता लावायचा नाही. यंदा उतरवलेलं झाड पुढच्या साली सोडायचं. हिरड्याला हात लावायचा नाही, कारण त्याची फळं विकून मीठमिरचीचे पैसे येत. आंबा, जांभूळ, उंबर यांचं तर नावच काढायचं नाही. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे ऐनाचं पान राठ होऊन पिवळट झाक आल्याशिवाय झाडावर चढायचं नाही. यावरून तिचं आणि तात्यांचं दर वर्षी वाजायचं. तात्यांचं म्हणणं, पान फार जून झालं की भारा बांधताना झडून जातं, निम्मा पाला वाटेवरच राहतो. आजी म्हणायची, "झाडाला त्याचं घेऊ द्या, मग तुम्ही घ्या."

आजी बरोबर होती, हे आम्हांला फार उशिरा कळलं. ऐन, किंजळ ही पानगळीची झाडं. पान गाळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं सत्त्व, विशेषतः नत्र, फांदीत आणि खोडात ओढून घेतं. वैशाखाच्या सुमाराला जी नवी पालवी फुटते, ती त्या साठवणीवर आणि मुळांतल्या पिठूळ अन्नावर. कार्तिकात हिरवागार पाला उतरवला तर झाडाचं दोन्हीकडून जातं. हिवाळाभर अन्न करणारं पान गेलं, आणि त्यातलं परत घ्यायचं तेही गेलं. असं झाड मरत नाही, हीच फसवी गोष्ट आहे. ते पुन्हा फुटतं, पण दर साली फांदी आखूड, पान कमी, आणि जखमेपाशी गाठ मोठी.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीबरोबर झाडंही वाटली गेली. एकेकाच्या वाट्याला फार थोडी झाडं आली, आणि एक साल सोडून तोडायची रीत तिथेच मोडली. दाढ तर दर साली भाजायचीच होती. आमच्या ऐन वयात वरकसावर जे ऐन उभे होते, ते खांबासारखे सरळ, अंगभर गाठी आणि डोक्यावर एक झुबका. कोवळ्या फांद्यांवर फुलोरा धरायला सवडच मिळत नसे. ऐनाचं पाच पंखांचं फळ आम्ही पाहिलं ते देवराईत. तिथे देवीच्या धाकानं कुणी पान तोडत नसे. आत शिरलं की त्याच जातीचा ऐन कितीतरी उंच, आणि खाली त्याची रोपं. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी आमच्याकडच्या या देवराया पायी फिरून अभ्यासल्या. देवराईशेजारच्या वरकसावर मात्र म्हाताऱ्या झाडांखाली एक रोप नव्हतं. तोडीमुळे उभं झाड खुरटतं हे दिसत होतं. त्याच्या मागे दुसरं येत नाही, हे मात्र घरात कुणी बोललेलं आम्हांला आठवत नाही.

टहाळ उतरवताना कधीकधी डहाळीला दांड्यानं लटकलेला, सुपारीपेक्षा मोठा, टणक करडा कोष हाती लागे. तो खुळखुळा म्हणून कुणी घ्यायचा यावर आमची भांडणं होत. ते टसर रेशीम होतं. विदर्भात आरमोरीकडे ढिवर समाजाची माणसं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर हेच किडे वाढवतात. पुण्यात मेजर कूसमेकर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1870 नंतरच्या दशकात टसर किडे पाळायचे प्रयोग केले होते. आमच्या घराला रेशीम भेटलं ते वेगळ्या वाटेनं.

अक्का, म्हणजे आम्हां भावंडांत थोरली, इंदापूर तालुक्यात दिली. तिच्या मुलांनी रेशमासाठी तुती लावली. तिथे गेलं की आम्ही सगळी तुतीच्या ओळीत उभी राहतो आणि अक्का बोलू लागते. बोलणं आजीचंच वाटतं, पीक दुसरं. चॉकी केंद्रातून, म्हणजे रेशीमकिड्यांची पहिली वयं जिथे सांभाळतात तिथून, आणलेल्या किड्यांना सुरुवातीला पाला किती थोडा लागतो, आणि शेवटच्या वयात, चौथ्यांदा कात टाकल्यावर, ते किती खातात! उभ्या हयातीत लागणाऱ्या पाल्याचा चार पंचमांशाहून जास्त हिस्सा त्या शेवटच्या सात-आठ दिवसांत जातो. तेव्हा पाला कमी पडला तर माणूस शेजारच्या तुकड्यातल्या अर्धवट वाढलेल्या फांद्यांवर विळा चालवतो. अक्का तसं करू देत नाही. छाटल्यावर तुती फुटते ती मुळांतल्या साठ्यावर. पानं मोठी होऊन तो साठा पुन्हा भरायला साधारण दोन महिने लागतात. त्याआधी छाटलं तर पुढचा फुटवा बारीक, त्याच्या पुढचा आणखी बारीक.

पण ऐनासारखं साल सोडून तोडणंही तुतीला चालत नाही. फांद्या वेळेवर छाटल्या नाहीत तर ती उंच जाते, खालची पानं राठ होऊन पिवळी पडतात, आणि किडा ती नीट खात नाही. ती वर्षाला चार-पाच छाटण्या सोसते, कारण तिच्या बुडाशी शेणखत आणि पाणी पडतं. किड्यांची विष्ठा आणि उरलेल्या काड्याही कुजवून तिच्याकडेच परत येतात. इथे आमच्या घराचा हिशेब आम्हांला लख्ख दिसतो. वरकसावरचा पाला खाचरात गेला, खाचरातला भात कणगीत आला, आणि पिढ्यान् पिढ्या वरकसावर परत काही गेलं नाही. आम्ही सारी त्या भातावर वाढलो. म्हणून टहाळ तोडणाऱ्या हातांना आम्ही दोष देत नाही. पण झाडांचं देणं राहिलं, हे म्हटलंच पाहिजे.

आता गावात राब थोडेच भाजले जातात. तरणी मंडळी पुण्याला कामाला, टहाळ उतरवायला माणूस नाही. धाकट्या भावानं गादीवाफ्यावर रोपं करायला घेतली त्यालाही बरीच सालं झाली. वरकसावरच्या जुन्या ऐनांना फांद्या सुटल्यात, गाठी मात्र तशाच आहेत.

गेल्या दिवाळीला पुतण्यानं विषय काढला की आपणही तुती लावू. आमच्यात वेगवेगळी मतं पडली. वरकसावर नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मुरमाड उतार, पावसाळ्यात धो धो पाणी आणि चैत्रात घोटभर नाही. विहिरीजवळचा, पाण्याचा निचरा होणारा तुकडा बघायचं ठरलं. अक्कानं एक अट घातली आहे. लावणीनंतर मुळं खोल जाईपर्यंत किड्यांचे अंडीपुंज मागवायचे नाहीत, कुणी कितीही घाई केली तरी. पुतण्याला ते फार दिवस वाटतात. दोघांचं फोनवर अजून चालू आहे.