चाकांवरचं बिऱ्हाड

इगतपुरी तालुक्यात, अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याच्या बाजूला माझ्या माहेरची भातखाचरं आहेत. पाऊस लागला की गावातून शेतावर जायची वाट चिखलात जाते. मध्ये दोन ओहोळ आणि एक दगडी चढ. आवणीच्या दिवसांत मात्र तिथे मुक्कामाला राहावंच लागतं, कारण बांध रात्री फुटला तर सकाळपर्यंत खाचर रिकामं होतं. माझे वडील, अण्णा, वर्षानुवर्षं डोक्यावर बोचकं आणि खांद्यावर ताडपत्री घेऊन जात आले. गुडघ्यांनी साथ सोडली तरी त्यांनी शेत सोडलं नाही, आणि ते सोडावं असं मलाही कधी वाटलं नाही.

घोटीच्या बाजूच्या एका साहस-पार्कने विकायला काढलेली जुनी साइड-बाय-साइड गाडी आम्ही घेतली ती त्यांच्यासाठीच. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, चारही चाकांना जोर, डोक्यावर लोखंडी पिंजरा. रस्त्यासाठी तिची नोंदणी नाही, त्यामुळे ती माहेरच्या पडवीत असते आणि गाव ते शेत एवढंच तिचं राज्य. माणसं पोचायला लागली, पण सामानाचं काय? मागचा हौदा भरला की चढावर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. भार मागे, जमिनीलगत, स्वतःच्या चाकांवर हवा होता. म्हणजे ट्रेलर. आणि त्यावर दोघांना कोरडं झोपता आलं पाहिजे, ही माझी अट.

सासर दिंडोरीकडे, द्राक्षाचं. आमच्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे मिस्त्री गावोगाव आहेत आणि त्यांचं काम चोख असतं. पण ट्रॉली टनांच्या हिशेबाने बनते. आमच्या मिस्त्रींनी कागद न घेताच सांगितलं, "ताई, 50 बाय 50चा तीन एमएम पाइप, वर चेकर प्लेट. हत्ती उभा करा." मी वही काढली. सांगाड्याला साधारण 14 मीटर पाइप लागणार होता. त्यांच्या मापाचा घेतला तर 60 किलोच्या वर जातो, 40 बाय 40चा दोन एमएम घेतला तर 35च्या आत. 1.2 बाय 1.8 मीटरच्या तळाला तीन एमएम पत्रा टाकला तर 50 किलो, 12 एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय टाकलं तर 17. दोन्ही मिळून 60 किलो वाचत होते, म्हणजे 40 लिटर पाणी आणि वर दोघांचं अंथरूण-पांघरूण. हे आकडे बघितल्यावर मिस्त्री गप्प झाले आणि मग मनापासून कामाला लागले. कुठे जाड ठेवायचं हे मात्र त्यांनीच दाखवलं. ट्रेलर मोडतो तो दांडा सांगाड्याला मिळतो तिथे, म्हणून तिथे पाइप दुहेरी केला आणि कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या मारल्या.

चाकांचं शहाणपण घरातूनच आलं. माझे चुलत सासरे देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं, आधी जीपचा ट्रेलर समजून घे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज जीपमागे जोडायला पाव टनाचा छोटा ट्रेलर काढला होता. रिकामा 550 पौंड, म्हणजे 250 किलो; कच्च्या वाटेवर त्यात 500 पौंड भरायचे. पेटी पाणीबंद, ओढ्यात तरंगणारी, तळाला पाणी सोडायची बुचं. टायर जीपचेच, आणि दोन चाकांमधलं अंतरही जीपइतकंच. तीच जीप महिंद्राने 1947पासून मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढे नाशिकला सातपुरात कारखाना काढला, त्यामुळे आमच्याकडे जीपवाले पुष्कळ. त्या ट्रेलरची आठवण ठेवणारे थोडे. ऐंशी वर्षं उलटून गेली तरी ते माप कुणाला सुधारावं लागलेलं नाही, असं माझं मत आहे.

चाकांमधलं अंतर सारखं असलं की ट्रेलर पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच येतो. अंतर कमी-जास्त झालं तर त्याची चाकं चिखलात स्वतःची वाट नव्याने कापतात आणि तेवढा जोर इंजिनाला जास्त लावावा लागतो. चाक सारखंच असलं की एक स्टेपनी दोघांना चालते. आमच्या यंत्राची चाकं चार बोल्टची, 156 मिमीच्या वर्तुळावर. बाजारातल्या लहान मोटारीच्या हबला ती बसत नाहीत. अंबडच्या एका लेथवर मधली चकती करून घेतली तेव्हा काम जमलं.

कमानपाट्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो तिथेच जायला हवा. भंगारातून आणलेले कमानपाटे मोटारीच्या वजनाचे. त्यांच्यावर हलका ट्रेलर दगडागणिक उडतो आणि आतलं सामान खुळखुळतं. मिस्त्रींनी एकेक पान काढत नेलं. दर वेळी भरलेल्या ट्रेलरवर उभं राहून दाबून बघायचं, किती बसतो आणि किती वेळात स्थिर होतो. टायरमधली हवाही कमी केली, कारण ह्या रुंद टायरांना मुळात थोडीच हवा लागते आणि हलक्या ट्रेलरला त्याहूनही थोडी.

जोडाला साधा गोळा आम्ही घेतला नाही. गोळ्याचा जोड ठराविक कलापुढे अडतो. तिथे ट्रेलर उलटला तर यंत्रालाही सोबत ओढतो. आमचा दांडा स्वतःभोवती पूर्ण फिरतो. खालून दोन साखळ्या, एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या. दांडा सुटा होतो, कारण दिंडोरीहून माहेरी न्यायचा ट्रेलर पिकअपच्या हौद्यात मावायला हवा होता. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन ठरतं, आणि नोंदणीशिवाय त्याला सार्वजनिक रस्त्यावर ओढत नेता येत नाही.

वजन केलं द्राक्षाच्या पॅकिंग शेडमधल्या काट्यावर. दोन चाकं आणि दांडा एका पातळीत ठेवून एकेकाखाली काटा सरकवायचा आणि तिन्ही आकड्यांची बेरीज करायची. रिकामा 140, भरून 250. दांड्यावर 30 किलो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर हवा. त्याहून कमी झाला तर उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोकांड्या देतो. त्यासाठी पाण्याचे दोन कॅन आसाच्या किंचित पुढे ठेवले. कॅन वीस-वीस लिटरचे आणि काठोकाठ भरलेले, कारण अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीतलं पाणी वळणावर सगळं एका बाजूला धावतं.

छपराचं काम तयार तंबूपाशी अडलं होतं. गाडीच्या टपावर बसणारे तंबू सहसा 50 किलोच्या पुढे जातात. अण्णा म्हणाले, "बैलगाडीला टप असतोच की." बांबूच्या कमानी वाकवल्या, त्यावर ताडपत्री. ट्रेलरचं झाकण उघडून मागे टेकवलं की दोघांना पाय पसरता येतील एवढी फळी होते, जमिनीपासून गुडघाभर वर. जुलैत शेतावर जमीन अशी नसतेच, सगळा पाझर असतो. स्वयंपाकाला छोटा सिलिंडर आणि एकच बर्नर. भाकरी घरून, तिथे फक्त आमटी, चहा आणि खुरासणीची चटणी.

पहिल्या पावसात दुसरा ओहोळ ओलांडताना मी मागे बघत बसले होते, हे चालवत होते. डावं चाक गोट्यावर चढलं, उजवं खळग्यात गेलं, ट्रेलर एवढा कलला की कॅनचा पट्टा ताणलेला दिसला. दांडा वळला, यंत्र जागचं हललं नाही. पाण्याबाहेर आल्यावर ट्रेलर एकदा खाली बसला, एकदा वर आला आणि स्थिर झाला. "अहो, थांबू नका," एवढंच मी म्हणाले, कारण पुढे चढ होता. पाचात एक असा चढ असला की 250 किलोचा ट्रेलर पन्नासेक किलोच्या जोराने मागे ओढतो. अशा बहुतेक यंत्रांत गिअरऐवजी रबरी पट्टा असतो. चढावर भार घेऊन रेंगाळलं की तो तापतो आणि जळतो. म्हणून चढाच्या आधीच लो रेंज टाकायची आणि न थांबता वर जायचं. उतरतानाही तीच रेंज, म्हणजे इंजिन धरून ठेवतं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही, त्यामुळे तो यंत्रापेक्षा बराच हलका असणं ही सोय नाही, गरज आहे.

आता अण्णांना त्यातून रोपाच्या मुठी न्यायच्या आहेत. ओल्या मुठींचं वजन डोळ्यांना कळत नाही, म्हणून मिस्त्रींकडून बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं आहे: भार 110 किलो. अण्णा म्हणतात, दोनशे सहज जातील. तेवढं न्यायचं तर काढलेलं पान परत घालावं लागेल आणि ब्रेकही बसवावा लागेल. मिस्त्रींनी दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं आहे.